पापाचे चौरस फूट

मराठी व्याकरणात 'पडणे' आणि 'पाडणे' यांत फक्त एका कान्याचा फरक आहे. आंबा पडला तर देवाची करणी. आंबा पाडला तर कुण्या कार्ट्याची करणी, आणि मग त्या कार्ट्याचा शोध सुरू. मुंबईहून निघून कल्याण ओलांडले की या एका कान्यावर माणसांचे संसार अवलंबून असतात. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने ज्यांना रामरक्षेसारखी पाठ आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. आमच्या बाजूला अनधिकृत इमारतीला शास्त्राने दोनच गती सांगितल्या आहेत. एक तर महापालिका ती पाडते, नाही तर ती आपण होऊन पडते. तिसरी गती शास्त्रात नाही, पण व्यवहारात सर्रास आढळते. इमारत तशीच उभी राहते, आणि तिच्यात माणसे राहतात.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. भ्रष्टाचाराच्या भाषेत कर्तरी प्रयोग नसतो. 'मी परवानगी दिली' असे कुणी म्हटल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. परवानगी 'दिली जाते'. बांधकाम 'होते'. दुर्लक्ष 'झाल्याचे निदर्शनास येते', आणि मग चौकशी 'करण्यात येते'. पाच मजले चढतात, वर पाण्याची टाकी बसते, गच्चीवर सत्यनारायण होतो, प्रसादाला नगरसेवक येऊन जातात. पण हे सगळे केले कुणी म्हणून विचारायला जावे, तर कर्ता वाक्यातून केव्हाच पसार झालेला असतो. मग उरतो तो जुनाच प्रश्न : हे पाप कुणाचे? आणि ते फेडायचे कुणी?

हा प्रश्न उल्हासनगरला धरून विचारायचा तर आमच्यासारख्या मराठी मध्यमवर्गीयांनी जरा जपून बोलावे. 'मेड इन यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आम्ही इतका झिजवला आहे की तो आता उल्हासनगरच्या बाजारातसुद्धा कुणी सेकंडहँड म्हणून घेणार नाही. विनोद सांगणाऱ्याच्या अंगातली पँट आणि बुडाखालचा सोफा बहुधा त्याच गावचा असतो, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. युद्ध संपले, फाळणी झाली आणि सिंधमधून उखडून आलेली हजारो कुटुंबे त्या रिकाम्या बराकींत आणून ठेवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर असे प्रसन्न नाव मिळाले. पण पाऊण शतक झाले तरी पत्ता सांगताना माणसे अजून 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असाच सांगतात. गाव वसले, पण छावणी काही उठली नाही.

बराकीतल्या एका खोलीत कुटुंब आले. पोरे झाली, पोरांची लग्ने झाली. पहिली भिंत सुनेच्या आडोशाला घातली. दुसरी सासूच्या सोयीला. तिसरी शिवणयंत्रे मांडायला. मग वर माळा, माळ्यावर मजला, आणि एके दिवशी हातात नकाशा आणि बोटांत अंगठ्या घातलेला बिल्डर. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११च्या जनगणनेला पाच लाखांच्या वर माणसे भरली. यांतल्या नेमक्या कोणत्या विटेपाशी गरज संपली आणि हाव सुरू झाली? ती वीट मला दाखवणारा तत्त्वज्ञ अजून भेटलेला नाही. दाखवली असती तर महापालिकेला तेवढ्यापासून वरचे पाडता आले असते.

तिथल्या फर्निचर बाजारात आम्ही उभयता एकदा सोफा घ्यायला गेलो होतो. दुकानदार सत्तरी गाठलेले. आमच्या हिने "एवढ्या इमारती अनधिकृत, तुम्हाला भीती नाही वाटत?" असे सोफ्याच्या भावाच्या मध्येच विचारले. म्हाताऱ्याने चष्मा काढला.

"ताई, सक्करला आमच्या वडलांचं घर होतं. एक नंबर! सगळे कागद पक्के, सरकारी शिक्का. एका दिवसात गेलं. इथं माझ्या घराचा एक कागद धड नाही, पण घर आहे. आता साहेब शिकलेले दिसतात, त्यांनीच सांगावं. भरोसा कागदावर ठेवायचा, का भिंतीवर?"

मला उत्तर सुचेना. तत्त्वज्ञानात हरलो की मी भाव करतो. सोफा दोनशे रुपयांनी खाली आला, पण प्रश्न काही खाली आला नाही.

कागदाने आपली ताकद दाखवली ती २००५च्या सुमारास. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने उल्हासनगरातल्या ८५५ अनधिकृत इमारतींवर हातोडा पडायची वेळ आली. आता हातोडा पडणे हाही आपल्याकडे एक विधीच आहे. सकाळी पथक येते, बरोबर पोलीस बंदोबस्त. ब्रेकर घरघरतो. स्लॅबला चार-दोन भोके पडतात, म्हणजे अगदी हत्ती नव्हे, पण मांजर शेपटी न आवळता जाईल एवढी. भोकाचा फोटो निघतो, पंचनामा होतो, फायलीवर 'कारवाई करण्यात आली' असे चढते. पथक गेले की संध्याकाळी गवंडी येतो. सकाळचे सरकारी भोक संध्याकाळी खाजगी सिमेंटने बुजते, वर चुना लागतो, आणि पुढच्या महिन्यात ती खोली 'नुकतीच दुरुस्त केलेली' म्हणून विकली जाते. मुंबईपासून बदलापूरपर्यंत ही पद्धत ज्याला माहीत नाही असा माणूस बहुधा पुण्याचा असावा.

तर ८५५ इमारती म्हणजे हजारो बिऱ्हाडे. १९४७ साली ज्यांचे घर एकदा गेले त्यांच्या नातवंडांचे घर आता न्यायालयाच्या हुकमाने जाणार. हे कुणाला बघवेल? सरकारलाही बघवले नाही. (निवडणुका असल्या म्हणजे सरकारची नजर फार कोवळी होते.) २००६ साली उल्हासनगर शहरापुरता एक खास कायदाच झाला. ठराविक शुल्क भरा आणि अनधिकृत बांधकाम नियमित करून घ्या.

'नियमित' हा शब्द मला फार आवडतो. व्यायाम नियमित असतो, कुणाकुणाचे पोट नियमित असते. इमारत नियमित होणे म्हणजे ती रोज वेळेवर हजर राहते की काय? पण थट्टा सोडा. कल्पना आपल्याला नवी नाही. पाप झाले की प्रायश्चित्त म्हणून गाय दान द्यावी, असे धर्मशास्त्र सांगते. गाय परवडत नसेल तर गाईचा निष्क्रय म्हणून रोख रक्कम चालते. म्हणजे पापाच्या जागी गाय आणि गाईच्या जागी सव्वा रुपया. सरकारने मधली गाय तेवढी काढून टाकली आणि पापाचा दर थेट चौरस मीटरवर लावला. एवढे करूनही पंधरा वर्षांनी पाहावे तर त्या यादीतल्या बहुतेक इमारती ना नियमित झालेल्या, ना पाडलेल्या. सव्वा रुपयासुद्धा भरायला कर्ता लागतो, आणि तो तर कधीच फ्लॅट विकून गेलेला.

पुढे शास्ती आली. अनधिकृत बांधकामावर महापालिका मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती लावू शकते. आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये, हेही कायद्यातच बजावलेले आहे. म्हणजे पाप तुमचे, पावती आमची, आणि मुक्ती कुणाचीच नाही! यमधर्माच्या दरबारातसुद्धा असा हिशोब नसेल. तिथे चित्रगुप्त निदान एकदाच मोजतो.

तारखांची गंमत तर विचारूच नका. झोपडी १ जानेवारी १९९५च्या आधीची असेल तर तिला संरक्षण. मग ती तारीख १ जानेवारी २००० झाली. मग पैसे भरून घर घेणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०११. म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री बांबू रोवणारा पुण्यवान आणि सकाळी चहा पिऊन रोवणारा घुसखोर. सत्ययुग, त्रेतायुग आणि द्वापारयुग यांच्या सीमासुद्धा इतक्या काटेकोर नसतील. आणि सरकली तर एकही युगाची सीमा निवडणुकीच्या तोंडावर सरकल्याचे पुराणात कुठे लिहिलेले नाही.

माझा आक्षेप दयेला नाही. दया करावीच. पण क्षमा करण्याचा अधिकार कुणाचा, हे एकदा ठरवायला हवे. लोकलमध्ये मी तुमच्या पायावर बूट ठेवला तर मला माफ तुम्ही करायचे. खिडकीशी बसलेल्या तिसऱ्याच गृहस्थाने माझ्याकडून दोन रुपये घेऊन "जा, केलं माफ!" म्हणायचे नाही. नियमबाह्य बांधून सरकारचा जो कायदा मोडला तो सरकारने खुशाल माफ करावा. पण सिमेंट चोरून, हलकी रेती घालून ज्याच्या डोक्यावर स्लॅब टाकला, त्याचा जो अपराध झाला, तो माफ करायला सरकार कोण? अर्जासोबत शुल्क भरता येते. राहून गेलेली सळई भरता येत नाही.

शिवाय स्लॅबला वाचता येत नाही, ही मोठी अडचण आहे. राजपत्रात काय छापले ते त्याला कळत नाही. बदलापूरकरांना हे निराळे सांगायला नको. पूररेषा कागदावर कुठून कुठे जाते यावर तिथे माणसे तावातावाने वाद घालतात, आणि उल्हास नदी २६ जुलै २००५ला येऊन, पुन्हा २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी करून, आपली रेषा आपण आखून जाते. नदीला स्थगिती मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाडून टाकावे की सरळ! आम्हा मध्यमवर्गीयांना हातोड्याचे भारी आकर्षण. मुंबई महापालिकेचे गो. रा. खैरनार हातोडा घेऊन निघाले तेव्हा आम्ही चाळीतल्या गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. पण हातोडा कुणाच्या दारी जातो यावर टाळ्यांचा आवाज ठरतो. १९८१च्या जुलैत, भर पावसात, फूटपाथवरच्या माणसांना बसमध्ये घालून मुंबईबाहेर काढण्याचा सरकारने निर्णय घेतला, तेव्हा 'शहर स्वच्छ झाले पाहिजे' असेच बहुतेकांचे मत होते. ऑल्गा टेलिस या पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९८५ साली न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. मात्र फूटपाथवर राहण्याचा हक्क येत नाही. पुढे २०१३ साली वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधले बेकायदा मजले पाडायची वेळ आली. तेव्हा दूरदर्शन संचांवर बायकामुलांचे रडणे पाहून आमचे डोळे भरून आले, आणि खुद्द सर्वोच्च न्यायालयानेही आपण होऊन तात्पुरती स्थगिती दिली. रडणे दोन्हीकडे खरेच होते. फूटपाथवरच्या रडण्याला कॅमेरा नव्हता, एवढाच काय तो फरक.

आमच्या समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी या विषयावर फार तळमळीने बोलतात. "देश बुडाला हो या भ्रष्टाचारानं!" असे ते ज्या खुर्चीवर बसून म्हणतात ती खुर्ची मूळ नकाशात हवेत आहे. म्हणजे तिथे गॅलरी होती. ती बंद करून तिचा दिवाणखाना झाला, आणि फुलझाडांच्या जागेत देवघर आले. देवालाही त्यांनी अनधिकृत जागेत बसवले आहे. माझे स्वतःचे चारित्र्य या बाबतीत निष्कलंक आहे, कारण आमच्या जागेला गॅलरीच नाही. पुष्कळांचे सदाचार असे गॅलरीअभावी टिकून असतात.

अशा वेळी मला वाल्या कोळी आठवतो. नारदाने त्याला विचारले, "तुझ्या पापात घरचे वाटेकरी आहेत का?" वाल्या घरी गेला. बायकापोरांनी सांगितले, "खाण्यात आहोत, पापात नाही." ते ऐकून त्याचे डोळे उघडले. आजचा वाल्या असला धोका पत्करत नाही. तो पाप आधीच वाटून टाकतो, आणि तेही इतके बारीक की कुणाच्या वाट्याला रांजणभर येऊ नये. सर्वांना फक्त एकेक खडा. एक खडा फाइल दाबणाऱ्या कारकुनाला. एक न पाहताच पाहणी करणाऱ्या इंजिनिअरला. एक 'मी बघून घेतो' म्हणणाऱ्या नगरसेवकाला. एक मीटर बसवणाऱ्याला, एक दलालाला. "स्वस्त कसा हो?" हे न विचारता फ्लॅट घेणाऱ्यालाही एक छोटासा. खिशात एक खडा घेऊन माणूस आरामात देवळात जाऊ शकतो. खिसासुद्धा लोंबत नाही. गोवर्धन उचलला तेव्हा प्रत्येक गोप म्हणाला होता, माझ्याही काठीचा आधार आहे. इथे काठी सगळ्यांनी काढून घेतलेली, आणि विचारले तर काठी कुणाचीच नाही!

मात्र खडे वाटले म्हणून वजन कमी होत नाही. ते सगळे वर स्लॅबमध्ये साठत असते. २८ मे २०२१च्या रात्री उल्हासनगरच्या नेहरू चौकाजवळ साई सिद्धी इमारतीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब खालच्या मजल्यांना घेऊन तळाशी आला. सात माणसे गेली. त्याच महिन्यात, त्याआधी तेराच दिवस, कॅम्प नंबर एकमध्ये असाच स्लॅब कोसळून माणसे गेली होती. शिळफाट्याच्या अंगाला लकी कंपाउंड ४ एप्रिल २०१३ला कोसळले तेव्हा ७४ गेली. साई सिद्धीची बातमी वाचली त्या दिवशी मला सोफ्याच्या दुकानातला तो म्हातारा आठवला. कागदाने त्याला एकदा दगा दिला होता. आता भिंतीचाही भरोसा गेला.

'पण घेणाऱ्यांनी कागद बघायला नकोत का?' असे आमचे सेक्रेटरी विचारतील. बघितले हो! शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत लोकांनी कागद बघितले, 'महारेरा'ची नोंदणी बघितली, बँकांनी कर्जे दिली. मग कळले की पालिकेची परवानगीच बनावट होती आणि तिच्या जोरावर नोंदणी मिळवलेली होती. अशा ६५ इमारती निघाल्या. २०२४च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा ज्याने खडा घेतलाच नाही त्याच्याही डोक्यावर तेवढेच वजन. म्हणून मला वाटते, पापाची वाटणी करायचीच तर ती समान नको. ज्याला माहीत होते आणि ज्याला थांबवता येत होते, त्याचा वाटा मोठा. ज्याला माहीत नव्हते, किंवा माहीत असूनही दुसरीकडे जायला पैसे नव्हते, त्याचा लहान. आजची पद्धत नेमकी उलटी आहे. सर्वांत लहान वाटेकऱ्याचे घर जाते आणि मोठ्या वाटेकऱ्याची बदली होते.

अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांचे शिवमंदिर आहे. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा, शिलालेख तिथे आहे. साडेनऊशेहून अधिक पावसाळे काढून ते अजून उभे आहे. जुने ते सोने असे म्हणायचा माझा विचार नाही. त्या काळातली पडलेली बांधकामे आपल्याला दिसत नाहीत इतकेच. पण त्या शिलालेखात मम्वाणी राजाचे नाव आहे, आणि त्याच्या बरोबरीने अधिकाऱ्यांचीही नावे आहेत. कर्ता दगडात कोरलेला आहे. उद्या शिखर ढासळले असते तर कुणाच्या नावाने बोटे मोडायची हे प्रजेला ठाऊक होते.

म्हणून माझी एक सूचना आहे. इमारत अधिकृत असो, अनधिकृत असो, नियमित असो. तिच्या दारात एक शिला बसवावी. बांधली कुणी, नकाशा मंजूर केला कुणी, पाहणी केली कुणी, तक्रार आल्यावर ती दाबली कुणी, आणि नियमित करताना आत जाऊन स्लॅब ठोकून पाहिला कुणी, एवढी नावे. शुल्क हवे तर माफ करा, नावे माफ करू नका. आपले नाव ज्याच्या खाली कोरले जाणार आहे तो स्लॅब माणूस जरा जाड घालतो. आणि आत झोपणाऱ्याला निदान एवढा हक्क असावा, की झोपताना वर बघून कुणाचे तरी नाव घेता यावे.

दर पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी लावते. अधिकृत इमारतीतला माणूस ती वाचून पुनर्बांधणीची स्वप्ने तरी बघतो. अनधिकृत इमारतीतला माणूस बाहेर पडला तर परत आत येण्याचा त्याला हक्कच नसतो. म्हणून तो नोटीस वाचतो, भोक बुजवलेल्या जागेखालची खाट जरा बाजूला सरकवतो आणि झोपतो.

माझी ही सूचना मी नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. पान लावले. मग म्हणाले, "कल्पना चांगली आहे. विचार करण्यात येईल."

"कोण करणार?" मी विचारले.

ते पान चघळत माझ्याकडे पाहत राहिले. असला प्रश्न त्यांना उभ्या नोकरीत कुणी विचारला नसावा.